आवाज कुणाचा, नाव कुणाचं
(लेखमाला ‘ठेका आणि यंत्र’, भाग ६)

मागच्या भागात डीजे आणि निर्माता यांतला फरक पाहिला. आज त्यांच्या ठेक्यावर गाणाऱ्याकडे वळू.

इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिकमध्ये गाणं बहुधा ठेका रचणाऱ्याच्या नावावर निघतं. हाउस असेल तर तो मिनिटाला साधारण १२० ते १३० ठोक्यांचा सांगाडा उभा करतो, त्यावर दोन-चार कॉर्ड टाकतो आणि फाइल गायकाकडे धाडतो. पुष्कळदा वरची चाल आणि शब्द गायकच बसवतो. त्याला टॉपलाइन म्हणतात. ऐकणारा घरी जाताना गुणगुणतो ते याच माणसाचं काम. तरी गाणं जिथे फुटतं, त्या ड्रॉपला त्याचा आवाज थांबतो, नाहीतर त्याचे तुकडे वाद्यासारखे वाजवले जातात.

स्वीडनचा गायक सँड्रो कवाझा याच दारातून वर आला. २०१५ साली तिथल्याच निर्माता अविचीच्या ‘स्टोरीज’ अल्बममधली ‘सनसेट जीझस’ आणि ‘गॉना लव्ह या’ त्याने गायली, पण गाण्याच्या नावापुढे त्याचं नाव नव्हतं. पुढच्याच वर्षी बेल्जियमच्या लॉस्ट फ्रिक्वेन्सीजच्या ‘ब्यूटिफुल लाइफ’वर ते लागलं, २०१७ मध्ये अविचीच्याच ‘विदाउट यू’वर, २०१८ मध्ये नॉर्वेच्या कायगोच्या ‘हॅपी नाऊ’वर. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अविची अवघ्या २८व्या वर्षी गेला. दोघांचं राहून गेलेलं ‘फॉरेव्हर युअर्स’ कायगोने २०२० मध्ये पुरं केलं, तेव्हा तिघांची नावं शेजारी शेजारी होती.

मराठीत हे २०२४ मध्ये घडलं. क्रेटेक्स म्हणजे क्रुणाल घोरपडे, त्याचा हाउस ठेका. शब्द आणि आवाज श्रेयस सागवेकरचा. गाणं ‘तांबडी चामडी’. नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने ते काढलं, आणि दोघांची नावं बरोबरीने लावून. ते किती लाख लोकांनी पाहिलं, यापेक्षा मला ही बरोबरी मोठी वाटते.

सोलापूरला तर तिचं मोल जास्त कळावं. इथल्या जयंतीच्या, विसर्जनाच्या मिरवणुकांत डॉल्बीवर वाजणाऱ्या रिमिक्समध्ये डीजेचं नाव पुन्हा पुन्हा घुमतं, गाणाऱ्याचं एकदाही नाही. मूळ मंगळवेढ्याचे प्रल्हाद शिंदे २००४ मध्ये गेले. त्यांचा आवाज आजही त्या डॉल्बीच्या भिंतींतून निघतो, आणि पुढे नाचणाऱ्या कित्येक पोरांना तो कुणाचा हे ठाऊक नसतं. हे मनाला लागतं.

कायदा मात्र लिहिणाऱ्याच्या पाठीशी आहे. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला कागदावर लिहून दिला तरी जात नाही. ती वसूल करायला आयपीआरएस ही संस्था आहे. नुसतं गाणाऱ्याची व्यवस्था वेगळी. म्हणून टॉपलाइन रचणाऱ्याने आवाजाची फाइल धाडण्याआधी दोन गोष्टी लेखी ठरवाव्यात: गीत-संगीतात आपले टक्के किती, आणि गाणं निघताना नाव कुठे लागणार. हा टक्क्यांचा कागद, म्हणजे स्प्लिट शीट, कसा भरायचा ते पुढच्या आठवड्यात.