एका ठोक्यावर निष्कर्ष नको

इंग्लंडमधल्या शेफिल्ड इथे 1985 साली अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोक्याला छेद न देता, वेदनेशिवाय, केवळ चुंबकीय ठोक्याने मेंदूचा हालचालींचा भाग चेतवून दाखवला. माणूस जागा, खुर्चीत बसलेला. डोक्यालगत धरलेल्या तारेच्या वेटोळ्यातून क्षणभर वीज जाते आणि विरुद्ध बाजूच्या हाताचं बोट उडतं.

बोटाच्या स्नायूवर चिकटवलेले इलेक्ट्रोड हा प्रतिसाद मोजतात. अडचण इथेच सुरू होते. माणूस तोच, निरोगी, ठोक्याची ताकदही तीच; तरी काही सेकंदांनी आलेला प्रतिसाद आधीच्या दुप्पट किंवा निम्मा असू शकतो. स्नायू किंचित आवळला, वेटोळं जरा सरकलं, की आकडा बदलतो.

म्हणून संशोधक वीस-तीस ठोक्यांची सरासरी काढतात आणि काही दिवसांनी त्याच व्यक्तीला पुन्हा तपासतात. अशा फेरतपासणीत ‘उंबरठा’, म्हणजे प्रतिसाद मिळायला लागणारी किमान ताकद, बऱ्यापैकी स्थिर राहतो. 2005 साली पुढे आलेल्या, ठोक्यांचे छोटे जलद झुबके देणाऱ्या थीटा बर्स्ट पद्धतीचा परिणाम मात्र माणसागणिक आणि दिवसागणिक बदलतो.

अशाच ठोक्यांनी नैराश्यावर करायच्या चुंबकीय उपचाराला अमेरिकेत 2008 साली मान्यता मिळाली. कुणाला डॉक्टरांनी तो सुचवला, तर उपचाराची ताकद ज्यावरून ठरते तो उंबरठा कसा आणि किती वेळा मोजणार, हे जरूर विचारावं.