बियाणे आधी, पीक मागून : अलास्कातील सॅल्मन माशांची राखण

मृगाचा पाऊस पडून ओढे वाहू लागले म्हणजे चढणीचे मासे वर येतात, हे वाचकांस ठाऊक आहेच. अंडी घालण्यास निघालेला असा मासा सरसकट धरणे म्हणजे पेरणीचे बी दळून खाणे होय. अमेरिकेतील अलास्का प्रांतात हाच प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर उपस्थित झाला. तो तेथे कसा हाताळला गेला, हे बियाणे राखणाऱ्या शेतकऱ्यास चटकन उमजेल, म्हणून ती हकीकत येथे देत आहोत.

सॅल्मन मासा नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि काही वर्षांनी आपल्याच नदीत परत येऊन, अंडी घालून मरतो. (आमच्या बाजारात रावसास कोणी 'इंडियन सॅल्मन' म्हणतात, तो मासा निराळा.) परतीच्या वेळी नदीच्या मुखाशी त्याची एवढी दाटी होते की धरणारास श्रम पडत नाहीत, आणि नाशाचे मूळ तेथेच आहे. डबे भरण्याच्या कारखान्यांनी मुखाजवळ मोठमोठे सापळे रोवले व मासा घटत चालला. १९२४ साली कायदा झाला की निदान अर्धे मासे वर जाऊ द्यावेत. नियम दिसण्यात न्यायाचा. पण एकंदर मासे किती आले हेच जेथे नीट मोजले जात नाही, तेथे अर्धे कशाचे काढावयाचे? शिवाय दुष्काळी साली कोणता शेतकरी पिकाचा अर्धा हिस्सा बियाण्यास काढतो? बी एकरी जितके लागते तितके लागतेच, मग पीक सोळा आणे येवो की चार आणे.

१९५९ साली अलास्का स्वतंत्र राज्य झाले, सापळे बंद पडले, आणि हाच हिशेब पत्करण्यात आला. बियाण्यापुरते मासे प्रथम वर जावेत, उरतील ते कोळ्यांचे. ब्रिस्टल उपसागरास मिळणाऱ्या नद्यांच्या काठी उंच मचाण बांधलेले असते. त्यावर बसून माणूस दर तासास दहा मिनिटे वर जाणारे मासे मोजतो व त्यावरून तासाचा अंदाज बांधतो. दोन्ही काठांवर हे काम रात्रंदिवस चालते. आमची हयात कचेरीत आणेवारीचे तक्ते नकलण्यात गेली. त्यांतील किती आकडे चावडीत बसल्या बसल्या भरले जात, हे आम्ही जाणतो. म्हणून या मचाणावरील माणसाविषयी आम्हांस विशेष आदर वाटतो. त्याच्या आकड्यांवर नजर ठेवून तेथील अधिकारी काही तासांच्या सूचनेने मासेमारी उघडतो किंवा बंद करतो. क्विचाक नदीकरिता वीस लाखांपासून एक कोटीपर्यंत मासे वर जावेत असे ठरले आहे. वरची मर्यादा का, असे कोणी विचारील. बी फार दाट पडल्यास रोपे एकमेकांस मारतात. तसेच दाटीत मागून आलेली मादी आधीची अंडी उकरून टाकते. या उपसागरात २०२२ साली सुमारे आठ कोटी मासे परतले, व त्यांतील सुमारे सहा कोटी धरूनही बियाणे पुरून उरले.

परंतु मोजणी व नियम असले की सर्व साधते, असे नव्हे. त्याच राज्यातील यूकॉन नदीत चिनूक जातीचा सॅल्मन इतका खालावला की १ एप्रिल २०२४ रोजी अलास्का व कॅनडा यांनी त्याची मासेमारी सात वर्षे, म्हणजे माशाच्या एका पिढीइतका काळ, थांबविण्याचा करार केला. ऊन होत चाललेले पाणी हे घटीचे एक कारण सांगतात, आणि त्यावर मासेमारीच्या नियमाचा इलाज नाही. काठच्या मूळ रहिवाशांचे हिवाळ्याचे अन्न म्हणजे धुरी देऊन वाळविलेला हाच मासा. त्यांची तक्रार अशी की, समुद्रात दुसऱ्या माशांकरिता ओढल्या जाणाऱ्या मोठ्या जाळ्यांत चिनूक सापडतो. त्यास २०११ पासून मर्यादा आहे, बंदी नाही. आमच्या घरी मात्र एक मासाही येऊ नये. ही तक्रार आम्हांस वाजवी वाटते. कॅनडाच्या हद्दीतील उगमांकडे जाणारे ७१,००० चिनूक परतावेत, असे करारात उद्दिष्ट ठेवले आहे. तोवर त्या गावांतील धुरीच्या झोपड्या चिनूकावाचून रिकाम्या राहणार.