चौखूर आणि दुडकी

जानेवारीचा शेवटचा रविवार. पॅरिसच्या पूर्वेला असलेल्या व्हँसेनच्या रेसकोर्सवर अठरा घोडे सुटलेत. कुणाच्याच पाठीवर स्वार नाही. प्रत्येकामागे दोन चाकांची हलकीफुलकी गाडी आणि गाडीत पाय लांब करून बसलेला ड्रायव्हर. अशा शर्यतीत कधी कधी आघाडीच्या घोड्याची चाल ऐन मोक्याला मोडते. तो दुडकी सोडतो आणि चौखूर उधळतो. घोड्याला जोरात पळायचं असलं की तो असाच धावतो, पण इथे हाच गुन्हा ठरतो. ड्रायव्हरने त्याला लगेच पुन्हा दुडकीवर आणलं नाही, तर पंच त्याला बाद करतात.

‘प्री दामेरिक’ या शर्यतीची ही अट. पहिल्या महायुद्धात मदतीला आलेल्या अमेरिकेचा मान म्हणून १९२० साली ती सुरू झाली आणि आज गाडीशर्यतींच्या जगात तिच्याइतका मान क्वचितच दुसऱ्या शर्यतीला मिळतो. अंतर २,७०० मीटर. मैदानावर गवत नाही, काळपट राखेसारखी कच आहे, आणि वाटेत आधी उतार, मग दमवणारा चढ.

आंतरराष्ट्रीय शर्यती नव्याने बघू लागलेला माणूस हमखास विचारतो, जगातला सगळ्यांत वेगवान घोडा कोणता? जाणकार या प्रश्नाच्या वाटेला फारसे जात नाहीत. कारण प्रत्येक मोठी शर्यत आपल्या अटी घेऊन येते. घोड्याने कुठल्या चालीने पळायचं, त्याचं वय किती हवं, पाठीवर किती वजन, खाली गवत की माती. आधी या अटी वाचायच्या आणि मग घोड्यांची नावं.

चालीपासूनच सुरुवात करू. दुडकीत पुढचा उजवा आणि मागचा डावा पाय एकदम पडतो, मग उरलेली जोडी. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड या देशांत ‘पेसिंग’च्या शर्यतीही होतात. त्यात एका बाजूचे दोन्ही पाय एकाच वेळी पुढे जातात, उंट चालतो तसे. फ्रान्समध्ये मात्र दुडकी एके दुडकी. तिथल्या रेसकार्डावर घोड्याच्या नावापुढे त्याचे नाल काढलेत का, हेसुद्धा छापलेलं असतं. चारही पायांचे काढले असतील तर ‘डी ४’. नालाशिवाय पाय हलका पडतो, पण खूर झिजतात, त्यामुळे हा उपाय दर शर्यतीला करता येत नाही. ट्रेनरने चारही नाल उतरवले, म्हणजे आज त्याला जिंकायचंच आहे, असं मुरलेला प्रेक्षक समजतो.

अमेरिकेतल्या गाडीच्या घोड्यांची जातच घड्याळावर ठरली. मैलभर अंतर अडीच मिनिटांत कापणं हे ‘स्टँडर्ड’, म्हणून जातीचं नाव स्टँडर्डब्रेड. यातले जवळपास सगळे घोडे हॅम्बलटोनियन नावाच्या एकाच घोड्याचे वंशज आहेत. न्यूयॉर्क राज्यात विल्यम रायस्डिक नावाच्या शेतगड्याने १८४९ मध्ये १२५ डॉलरला एक घोडी विकत घेतली, तिच्यासोबत आलेलं शिंगरू म्हणजे हा हॅम्बलटोनियन. पुढे त्याला तेराशेहून अधिक पिल्लं झाली. त्याच्या नावाची, तीन वर्षांच्या घोड्यांची शर्यत १९२६ पासून चालू आहे. आता ती ऑगस्टमध्ये न्यू जर्सीतल्या मेडोलँड्सला होते. स्टॉकहोमच्या सोलव्हाला मैदानावरची ‘एलिटलोपेट’ आणखी कसोटीची. मेअखेरीस एकाच दिवशी १,६०९ मीटरच्या दोन प्राथमिक फेऱ्या होतात, प्रत्येकीतले पहिले चार घोडे निवडले जातात आणि त्याच दुपारी तेवढ्याच अंतराची अंतिम फेरी पळतात. तिथे वेगाइतकंच महत्त्व दम परत मिळवण्याला.

प्री दामेरिक आणि एलिटलोपेट या दोन्ही युरोपीय शर्यती इटलीच्या वारेनने २००१ आणि २००२ अशी सलग दोन वर्षं जिंकल्या. पॅरिसमध्ये इटलीची वकिलात ज्या रस्त्यावर आहे त्या रस्त्याचं नाव त्याला दिलेलं. ट्रेनर फिनलंडचा, ड्रायव्हर जानपाओलो मिनुच्ची इटलीचा. ७३ शर्यतींत त्याने ६२ विजय मिळवले. त्याच्याआधी फ्रान्सने उराझीला डोक्यावर घेतलं होतं. कामाचा कंटाळा करणाऱ्या या घोड्याला लोक लाडाने ‘आळशी राजा’ म्हणत. सुरुवातीला मागे रेंगाळायचं आणि शेवटच्या सरळ पट्ट्यात बाहेरच्या बाजूने सगळ्यांना मागे टाकायचं, ही त्याची रीत. १९८६, ८७, ८८ अशी तीन वर्षं त्याने प्री दामेरिक मारली, ८९ ला हुकली आणि १९९० मध्ये, वयाच्या दहाव्या वर्षी, चौथ्यांदा जिंकली.

दहा वर्षांचा विजेता ही गोष्ट पाठीवर स्वार घेऊन पळणाऱ्या थरोब्रेड घोड्यांच्या, अडथळे नसलेल्या मोठ्या शर्यतींत जवळजवळ अशक्य, आणि त्याचं कारण ट्रॅकवर नाही, स्टड फार्मवर आहे. थरोब्रेडच्या नोंदवहीत कृत्रिम रेतनातून झालेल्या शिंगराला जागा नाही. प्रत्येक घोडीला नर घोड्याजवळ प्रत्यक्ष न्यावं लागतं. त्यामुळे शर्यत आणि पैदास ही दोन्ही कामं एका मोसमात जमत नाहीत, आणि नामांकित घोड्याच्या पैदाशीत बक्षिसांपेक्षा कितीतरी जास्त पैसा असतो. २०१८ मध्ये जस्टिफाय सहापैकी सहा शर्यती जिंकून अमेरिकेच्या ट्रिपल क्राऊनचा मानकरी झाला आणि पुन्हा कधी पळलाच नाही. २०२२ मध्ये फ्लाइटलाइननेही सहा विजयांवर निरोप घेतला. गाडीच्या घोड्यांना कृत्रिम रेतनाची मुभा आहे. म्हणून तिथले नायक वर्षानुवर्षं मैदानात भेटत राहतात.

थरोब्रेडच्या डर्बीला दुसऱ्या संधीची सोयच नाही. इंग्लंडमध्ये एप्समला १७८० साली सुरू झालेली मूळ डर्बी काय किंवा १८७५ पासूनची केंटकी डर्बी काय, दोन्ही फक्त तीन वर्षांच्या घोड्यांसाठी. म्हणजे घोड्याच्या आयुष्यात ती एकदाच येते. २०२२ च्या केंटकी डर्बीत रिच स्ट्राइकला जागाही नव्हती. शर्यतीच्या आदल्या दिवशी एका घोड्याने माघार घेतली म्हणून तो आत आला, तोही सगळ्यांत बाहेरच्या फाटकातून. कधीकाळी तीस हजार डॉलरला हात बदललेला घोडा, भाव एकास ऐंशी. आघाडीचे घोडे एकमेकांना दमवत राहिले, आतल्या कठड्याजवळ फट मिळाली आणि जॉकी सनी लिऑनने त्याला तिथून बाहेर काढून जिंकवलं.

वजनाची अट समजून घ्यायला मेलबर्न कपासारखी शर्यत नाही. नोव्हेंबरचा पहिला मंगळवार, फ्लेमिंग्टनचं मैदान, ३,२०० मीटर, आणि शहराला चक्क सुट्टी. ही हँडिकॅप शर्यत असते, म्हणजे चांगल्या घोड्यावर जास्त ओझं. जॉकीचं वजन कमी पडलं तर खोगिराबरोबर शिसं घालून ते भरून काढतात. न्यूझीलंडमध्ये जन्मलेला फार लॅप १९३० मध्ये ६२.५ किलो घेऊन जिंकला. पुढच्या वर्षी त्याच्यावर तब्बल ६८ किलो लादले आणि तो आठवा आला. १९३२ मध्ये तो कॅलिफोर्नियात अचानक दगावला. त्याचं हृदय कॅनबेराच्या संग्रहालयात, कातडं मेलबर्नला आणि सांगाडा वेलिंग्टनला, अशी त्याची वाटणी झाली. याउलट २०१५ मध्ये प्रिन्स ऑफ पेन्झान्सवर अवघे ५३ किलो होते. एकास शंभर भावाच्या या घोड्यावर मिशेल पेन ही कप जिंकणारी पहिली महिला जॉकी ठरली. घोड्याची देखभाल करणारा मोतद्दार तिचा भाऊ स्टीव्ही होता, जन्मापासून डाउन सिंड्रोम असलेला.

पॅरिसच्या लाँशाँ मैदानावर ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी होणाऱ्या ‘प्री द लार्क द त्रियोंफ’मध्ये वजन वयावर ठरतं. तीन वर्षांच्या घोड्यांना सूट, नरांपेक्षा माद्यांना थोडी आणखी. जपानला ही शर्यत किती हवी आहे, ते १९६९ पासून दिसतंय. त्या वर्षी स्पीड सिंबोली तिथे पळाला. २००६ मध्ये डीप इम्पॅक्टसाठी हजारो जपानी पॅरिसला गेले. तो तिसरा आला, पण बंदी असलेलं औषध तपासणीत सापडलं आणि तेही स्थान गेलं. २०१२ मध्ये ओर्फेव्हर शेवटच्या पट्ट्यात स्पष्ट पुढे होता. एवढ्यात तो आतल्या कठड्याकडे तिरका पळत सुटला आणि फ्रान्सच्या सोलेमियाने त्याला मानेच्या अंतराने गाठलं. पुढच्या वर्षी तो पुन्हा आला, पण गाठ पडली तीन वर्षांच्या ट्रेव्हशी. तिच्या पाठीवर ५४.५ किलो, त्याच्या पाठीवर ५९.५. ती पाच लेंग्थने जिंकली.

अलीकडे पैशाचा ओघ पश्चिम आशियाकडे वळलाय. दुबई वर्ल्ड कप १९९६ मध्ये सुरू झाला आणि अमेरिकेच्या सिगारने तो पहिल्यांदा जिंकला. २०२० पासून रियाधमध्ये दोन कोटी डॉलरचा सौदी कप होतो. २०२३ मध्ये पांथालासाने आणि २०२५ मध्ये फॉरेव्हर यंगने तो जपानला नेला.

या नकाशात मुंबईही आहे, पण जरा कडेला. महालक्ष्मीचं रेसकोर्स मेलबर्नच्याच कॉलफिल्ड मैदानाच्या धर्तीवर बांधलं गेलं. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी तिथे २,४०० मीटरची इंडियन डर्बी होते. पहिली १९४३ मध्ये झाली. अंतर एप्समसारखंच, पण घोडे चार वर्षांचे. इथले विजेते बाहेर फारसे दिसत नाहीत, कारण घोड्यांच्या आजारांमुळे लागू असलेले क्वारंटाइनचे नियम कडक आहेत आणि भारतातला घोडा थेट युरोपात नेणं फार जिकिरीचं ठरतं.

मराठी प्रेक्षकाला घरबसल्या हे वर्ष गाठायचं तर घड्याळ हाताशी हवं. मेलबर्न कप भारतात सकाळी साडेनऊला लागतो, नोव्हेंबरअखेरचा जपान कप दुपारी बाराच्या सुमारास, लाँशाँची शर्यत संध्याकाळी पावणेआठच्या आसपास. केंटकी डर्बीसाठी मात्र मे महिन्यातल्या एका रविवारी पहाटे चारचा गजर लावावा लागतो.