काय करलालास?

पुण्यातल्या एका वसतिगृहात पहिल्याच संध्याकाळी शेजारच्या खाटेवरच्या मुलाला मी विचारलं, "काय करलालास?" खोलीतली सगळी मुलं हसली. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. पण दुसऱ्या दिवसापासून मी "काय करतोयस?" म्हणू लागलो. दिवाळीला लातूरला उतरलो तर आजी थोडा वेळ माझं बोलणं ऐकत राहिली आणि म्हणाली, "आसं का बोलालास रे? कुणी रागवलं का तुला?"

या दोन प्रश्नांनी मला विनोदाच्या नादी लावलं. कोण कुणाला हसतं, कुठल्या ओळीला हसतं, हे मी तेव्हापासून वहीत टिपत आलो आहे. त्या वहीतली सर्वांत जुनी पानं एका कॅसेटच्या संचाबद्दल आहेत. 'वऱ्हाड निघालंय लंडनला'. फीत आता चिकटते, टेपरेकॉर्डरही उरलेला नाही.

लक्ष्मण देशपांडे औरंगाबादला विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात शिकवत. १९७९ पासून त्यांनी हा प्रयोग चालवला: एक नट, तीन तास, बावन्न पात्रं. मला महत्त्वाच्या वाटतात त्या हशाच्या जागा. आमच्या घरी कॅसेट लागली की आजी मानपानाला हसायची. कोण रुसला, कुणाला आमंत्रण पोचलं नाही, सोयऱ्यांत कोण वरचढ, हे तिनं डझनभर लग्नांत भोगलेलं होतं. तीच कॅसेट मी वसतिगृहात नेली. तिथली मुलं मानपानाच्या जागी गप्प आणि उच्चाराच्या जागी लोळण घेत होती. लंडनला निघालेल्या माणसांचं काय होतं यापेक्षा ती माणसं 'न'चा 'ण' आणि 'ण'चा 'न' कुठं करतात, याकडे त्यांचे कान लागलेले.

पुढे माध्यमशास्त्राची पुस्तकं चाळताना स्टुअर्ट हॉल भेटला. दूरचित्रवाणीबद्दलच्या १९७३ च्या निबंधात तो सांगतो की पाठवणारा एक अर्थ भरतो, घेणारा आपल्या जागेवरून वेगळा अर्थ काढू शकतो, आणि ती जागा ठरते समाजातल्या उतरंडीवरून. मला ते समजायला वेळ लागला नाही. दोन खोल्यांत वाजलेली एकच कॅसेट मी ऐकलेली होती.

देशपांड्यांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो की त्यांनी मराठवाड्याचा माणूस शहराला हसायला दिला. मला तो मान्य नाही. वेश न बदलता एकच माणूस खेड्यातला म्हातारा होतो, बाई होते, गोरा साहेब होतो, तेव्हा उतरंड त्याच्या अंगावरच मोडते. साहेबाची मराठीही तिथं तितकीच हसण्यासारखी आहे. पण ते ऐकायला कान तसा हवा, आणि शहराचा कान आधीच तयार झालेला होता.

तो तयार कसा झाला, हे थोडक्यात सांगतो. नांदेड-लातूरचा भाग १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता. कचेरी उर्दूत, १९१८ पासून उस्मानिया विद्यापीठही उर्दूत. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, उदगीर-निलंग्याकडे कन्नड. मराठी राहिली ती घरात, बाजारात आणि कीर्तनात. छापील, शाळेतल्या मराठीनं तिला फारसा हात लावला नाही. १९५६ मध्ये आपण मुंबई राज्यात गेलो तेव्हा प्रमाण मराठी कशी असते हे पुण्या-मुंबईत ठरून गेलं होतं. आपलं बोलणं त्या दिवशी 'चुकीचं' झालं. रस्ते, सिंचन, शाळा यांचा अनुशेष दांडेकर समितीनं १९८४ च्या अहवालात मांडला. बोलीच्या वाट्याला आलेला अपमान कुठल्याच तक्त्यात बसला नाही. म्हणून तो नाटक-सिनेमात शोधावा लागतो.

सिनेमातलं पटकन सांगतो. मकरंद अनासपुरे यांनी आपला उच्चार पुसला नाही आणि तो घेऊनच नायक झाले. 'गल्लीत गोंधळ, दिल्लीत मुजरा'सारख्या चित्रपटात या बोलीनं राजकारणाची खिल्ली उडवली, हे मोठं काम होतं. त्यांनीच नाना पाटेकरांबरोबर २०१५ मध्ये 'नाम' ही संस्था काढली आणि आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरी ते गेले. पुढच्या एप्रिलमध्ये, त्याच दुष्काळात, मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. त्या आठवड्यात माझ्या मोबाइलवर लातूरच्या अंघोळीवरचे विनोद येत होते. मी एकही पुढे पाठवला नाही. आमच्या गल्लीत घागरींची रांग रात्री दोनला लागत होती.

दूरचित्रवाणीवरच्या हास्य कार्यक्रमांबद्दल माझं मत कडक आहे. तिथं गावाकडचा उच्चार बहुतेकदा नोकराला, बावळटाला किंवा लुगडं नेसलेल्या पुरुषाला दिलेला असतो. निवेदक मात्र शुद्ध बोलतो.

याच्या उलट बाजूला तमाशा आहे. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोड्या-गाढवांच्या बाजाराइतकीच ओढ तमाशाच्या राहुट्यांची असते. मी तिथं पहिल्यांदा सोंगाड्या पाहिला. पुढच्या रांगेत गावचे मानकरी बसलेले, आणि बतावणीत सोंगाड्या त्यांच्याकडे बघूनच पाटलाची अब्रू काढत होता. मानकरी हसत होते, कारण न हसणं त्यांना परवडणारं नव्हतं. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'नं १९६५ मध्ये हीच बतावणी मुंबईच्या नाट्यगृहात नेली आणि दादा कोंडक्यांनी तिच्यातून सत्ताधाऱ्यांना चिमटे काढले. त्याच वर्षी रशियात मिखाईल बाख्तिन यांचं राब्लेवरचं पुस्तक छापून आलं. जत्रेत वरचा खाली येतो आणि खालचा वर जातो, हा त्याचा गाभा. माळेगावला ते दरसाल घडत होतं.

पण जत्रेची उलथापालथ जत्रेपुरतीच असते. राहुटी उतरली की पाटील पुन्हा पाटील होतो. त्या मर्यादेपलीकडे गेलेलं मी एकच नाटक पाहिलं आहे, आणि ते आलं जालना जिल्ह्यातल्या जांबसमर्थहून.

हे गाव समर्थ रामदासांचं जन्मस्थान. रामदास शिवाजी महाराजांचे गुरू होते की नव्हते, यावर महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या भांडणं झाली. २००४ च्या जानेवारीत पुण्यातल्या भांडारकर संस्थेवर हल्ला झाला, तो जेम्स लेन यांच्या शिवाजीवरच्या पुस्तकाच्या वादातून. आणि त्याच जांबसमर्थच्या राजकुमार तांगडे यांनी 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' लिहिलं. संकल्पना आणि संगीत शाहीर संभाजी भगत यांचं, दिग्दर्शन नंदू माधव यांचं. साल २०१२. बहुतेक नट शेती करणारे.

तांगड्यांनी याआधी 'आकडा' लिहिलं होतं. विजेच्या तारेवर टाकायचा तो आकडा. आमच्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला शब्द ऐकताच विषय कळतो. म्हणजे या लेखकानं विनोद शोधायला कधी बाहेर पाहिलंच नाही.

'शिवाजी अंडरग्राउंड'ची कल्पना लोकनाट्याची आहे. महाराजांना विचारांसकट वर घेऊन येण्याचं काम यमाकडे येतं, आणि महाराजांचा टोप घेऊन तो नेमक्या डोक्याच्या शोधात भीमनगरात येऊन पोचतो. टोप ज्याच्या डोक्यावर बसेल त्याच्याकडे ते विचार. जयंतीची वर्गणी, मिरवणूक, फलक, पुढारी असं सगळं यमाला पार करावं लागतं. यम मराठवाड्याच्या बोलीत बोलतो, आणि इथं मला पहिल्यांदा जाणवलं की या बोलीला कुणी हसत नाही. हशा येतो तो टोप डोक्यावर चढवायला पुढे येणाऱ्यांवर. शेवटाकडे पोवाड्यांचा सामना होतो. एक शाहीर द्वेषाचा शिवाजी गातो, दुसरा महाराजांबरोबर लढलेल्या माणसांची जात आणि धर्म विचारत राहतो. गोविंद पानसरे यांनी 'शिवाजी कोण होता?' या पुस्तिकेत तेच प्रश्न १९८८ मध्ये विचारले होते. २०१५ मध्ये पानसऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. हे आठवलं की त्या सामन्यातली गंमत घशात अडकते.

मी प्रयोग पाहिला तेव्हा माझ्या पुढे कपाळावर चंद्रकोर आणि गळ्यात भगवं उपरणं असलेली तरुण मुलं बसली होती. सुरुवातीला ती हाताची घडी घालून होती. यम बोलायला लागला तशी खुलली. सामना सुरू झाल्यावर त्यांच्यातला एक जण पुढे वाकून, हनुवटी हातावर टेकवून ऐकू लागला. मध्यंतरात तो मोबाइलवर घरी बोलत होता, ते मला ऐकू आलं होतं:

"नाटक बघालालाव आई. आपल्यासारखंच बोलालालेत की सगळे."