जाड लोकरीचा बैल

लातूरहून नांदेडकडे जाणाऱ्या रस्त्यावर चाकूर हें तालुक्याचें गांव लागतें. या मुलखांत बैलाची ओळख चित्रांच्या पुस्तकांतून करून द्यावी लागत नाहीं. चाकूरच्या आग्नेयेस देवणी आणि ईशान्येस कंधार; या दोन्ही गांवांनीं आपापलें नांव गोवंशाच्या एकेका जातीस दिलेलें आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशीं बैलांची खांदेमळण होते, दुसऱ्या दिवशीं झूल आणि बाशिंग चढतें, आणि ज्या घरीं बैल नाहीं त्या घरीं मातीच्या बैलांची जोडी पाटावर मांडून पुजली जाते. मातीचा बैल पूजेला उत्तम; परंतु चार वर्षांच्या मुलानें त्याच्या अंगावर रेलावयाचें म्हटलें तर दोघांपैकीं एकाला इजा ठरलेलीच. मुलाला मिठींत घेतां येईल असा मोठा, मऊ बैल घरच्या घरीं विणतां येतो काय? येतो, आणि तो विणतांना पुष्कळशी भूमितिही आपसूक हातीं लागते.

या कामाचें साधन म्हणजे क्रोशाची सुई. क्रोशे हा शब्द मूळ फ्रेंच असून त्याचा अर्थ लहानशी आंकडी एवढाच आहे. दोन सुयांच्या विणकामांत एका ओळींतील सर्व फांस एकाच वेळीं सुईवर उघडे असतात; एखादा निसटला कीं खालपर्यंत शिडी उसवत जाते. क्रोशाच्या कामांत उघडा फांस बहुधा एकच असतो. बाकीचे सर्व मागच्या मागें बंद होत जातात. त्यामुळें काम हव्या त्या दिशेस वळवितां येतें, गोल फिरवितां येतें, आणि शिवण न घालतां पोकळ आकार तयार करतां येतो. विणलेल्या प्राण्यासाठीं सारा खटाटोप एकाच टांक्यावर चालतो. बायकांच्या बोलण्यांत त्याला मुका खांब म्हणतात. नांव मोठें अन्वर्थक आहे: खांबासारखा तो उंच उठत नाहीं, गुपचूप बसून राहतो, आणि म्हणूनच विणींत भोकें पडूं देत नाहीं.

आतां बैलाचें पोट कसें गोल होतें तें पाहूं. आरंभीं एका सरकत्या फांसांत सहा मुके खांब घालावयाचे व फांस आवळावयाचा. दुसऱ्या फेरीस प्रत्येक टांक्यांत दोन, म्हणजे बारा. तिसऱ्या फेरीस एकाआड एक वाढवून अठरा. मग चोवीस, तीस, छत्तीस. दर फेरीस सहा टांके वाढले कीं विणलेली चकती सपाट राहते. सहाच कां? मुका खांब जवळजवळ जितका रुंद तितकाच उंच असतो. एक फेरी वाढली म्हणजे चकतीची त्रिज्या एका टांक्यानें वाढते, आणि त्रिज्या एकानें वाढली कीं परिघ सव्वासहांनीं वाढतो, हें शाळेंतल्या वर्तुळाच्या प्रकरणांत प्रत्येकानें घोकलेलें असतें. सव्वासहा टांके घालतां येत नाहींत, म्हणून सहा. ज्या आजीबाईंनीं शाळेचें तोंड पाहिलें नाहीं त्यांच्या बोटांतही हा हिशेब मुरलेला असतो.

सहांऐवजीं कमी टांके वाढविले तर चकतीची वाटी होते. मुळींच वाढविले नाहींत तर सरळ नळी होते. तिचे पाय होतात. आणि सहांहून अधिक वाढवीत गेलें तर कांठाला झालर सुटते व कापड कोबीच्या पानासारखें सुरकुततें. ही झालर म्हणजे चुकलेलें काम असें सामान्यतः समजलें जातें. परंतु अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत दायना ताइमिना या विदुषींनीं १९९७ सालीं हीच झालर मुद्दाम विणून अतिपरवलयी भूमितीचा नमुना विद्यार्थ्यांच्या हातांत दिला. युक्लिडाच्या भूमितीहून वेगळी असलेली ही भूमिति कागदावर दाखविणें फार कठीण. लोकरींत ती बोटांनीं चांचपतां येते.

बैलाच्या धडासाठीं साठ टांक्यांपर्यंत वाढवावें, मग पंधरा-सोळा फेरे न वाढवितां न घटवितां सरळ विणावे, आणि नंतर ज्या क्रमानें वाढविलें त्याच क्रमानें उलट घटवीत यावें. लांबट, दोन्हीं टोकांस गोल असा आकार तयार होतो. डोक्याला छत्तीस टांके पुरतात. वशिंड म्हणजे अर्धी वाटी, कान म्हणजे चपटी केलेली नळी, शेपूट म्हणजे सांखळीला बांधलेला गोंडा. फेरी कोठें सुरू झाली हें कळण्यासाठीं पहिल्या टांक्यांत वेगळ्या रंगाचा दोरा खुणेकरितां अडकवावा. तो नसेल तर मोजणी हमखास बिघडते.

येथपर्यंतचें गणित बारीक दोऱ्याला आणि जाड दोऱ्याला सारखेंच लागू आहे. जाडीचा फरक पडतो तो वेळांत. जाड लोकर नऊ-दहा मिलिमीटरच्या किंवा त्याहून मोठ्या सुईनें विणली तर एका टांक्याची रुंदी सुमारें दीड सेंटिमीटर भरते. साठ टांक्यांचा घेर त्या हिशेबानें नव्वद सेंटिमीटर, म्हणजे पोटाचा व्यास वीतभराहून बराच अधिक होतो. तेवढाच बैल अर्ध्या सेंटिमीटरच्या टांक्यांत विणावयाचा झाल्यास प्रत्येक फेरींत तिप्पट टांके लागतील व फेऱ्याही तिप्पट होतील. एकूण काम नऊपट. जाड दोऱ्याच्या बैलाला अडीच ते तीन हजार टांके लागतील तर बारीक दोऱ्याच्या बैलाला चोवीस-पंचवीस हजार. मोठा प्राणी जाड लोकरीचाच कां करतात, याचें उत्तर या एका गुणाकारांत आहे.

लोकर कोणती घ्यावी? घोंगडीची दख्खनी लोकर या भागाच्या परिचयाची. ती जाड आहे, टिकाऊ आहे, परंतु मुलाच्या गालाला टोंचते. तेव्हां तिचा मोह सोडावा. शहरांतील दुकानांत मखमलीसारखा लवदार जाड दोरा मिळतो. स्पर्शाला तो फार गोड, पण नवशिक्याची परीक्षा पाहणारा. त्याच्या लवेंत टांके डोळ्यांना दिसत नाहींत, बोटांनीं शोधावे लागतात, आणि दोन-तीनदां उसवला कीं लव झडून दोरा बोडका होतो. ज्यांना खर्च नको त्यांनीं जुन्या बनियनांच्या व विणीच्या कापडांच्या दोन बोटें रुंद पट्ट्या एकसलग कापाव्या. ताणल्या कीं त्या आपोआप गुंडाळून जाड दोरा होतात. बैल थोडा वजनदार होईल, इतकेंच. दोरा कोणताही असो, त्याच्या वेष्टनावर सांगितलेल्या सुईहून एक-दोन मापें लहान सुई घ्यावी. वेष्टनावरचें माप शालीसाठीं असतें, आणि शाल सैल हवी. बैलाची कातडी घट्ट हवी.

खरी अडचण विणतांना नव्हे, भरतांना उभी राहते. एखादी वस्तु सर्व बाजूंनीं दुप्पट केली तर तिचें पृष्ठ चौपट होतें आणि घनफळ आठपट. तळहाताएवढा बैल मूठभर कापसानें भरतो. तोच दुप्पट लांबीचा केला कीं आठ मुठी, चौपट केला कीं चौसष्ट. ज्यांनीं हें ध्यानांत घेतलें नाहीं त्यांच्या घरीं पोट अर्धें भरल्यावर उश्या उसवण्याची पाळी येते. भरण्यास गादीचा पिंजलेला कापूस घालतां येतो, परंतु त्याचे पुढें गोळे बसतात, आणि एकदां पाणी आंत गेलें कीं तो दिवसेंदिवस वाळत नाहीं. सावरीचा कापूस हलका, पण तो जाड विणीच्या फटींतून उडून बाहेर येतो. यंत्रांत तयार होणारा पॉलिएस्टरचा तंतु दाबला तरी पुन्हां फुगतो, धुतां येतो व लवकर वाळतो; या एका कामापुरता तो कापसाहून सरस मानला पाहिजे, कापूस पिकविणाऱ्या मराठवाड्याला तें कितीही कडू वाटो. भरण कांहींही असलें तरी जुन्या सुती लुगड्याची पिशवी शिवून तींत तें घालावें आणि पिशवी बैलाच्या पोटांत बसवावी. फटींतून पांढरें डोकावत नाहीं, आणि मुलाच्या बोटांना कापूस उपसण्याचा खेळ सांपडत नाहीं.

आठपटीचा हाच नियम पायांनाही नडतो. वजन आठपट वाढलें, पण पायांचा छेद चौपटच झाला. म्हणून लहान बैल चार पायांवर तोऱ्यानें उभा राहतो आणि मोठा दुसऱ्याच दिवशीं गुडघे टेकतो. पायांत तार घालण्याचा उपाय कांहीं जण सुचवितात. तो मुळींच करूं नये. तार आज ना उद्यां बाहेर येते आणि समोर मुलाचा डोळा असतो. त्यापेक्षां बैल बसलेलाच करावा. महाराष्ट्रांतील बहुतेक शिवालयांपुढें नंदी बसलेला आहे. घडविणारांचा हेतु कांहींही असो, चार बारीक पायांवर भार न टाकण्याची ही युक्ति लोकरीलाही मानवते. पाय पोटाखालीं दुमडून शिवले, मान किंचित् वळविली, कीं रवंथ करीत बसलेला बैल तयार होतो, आणि त्याच्या पाठीवर मुलाला डोकें ठेवतां येतें.

बैल देवणी दिसावा असें वाटत असल्यास रंगाकडे लक्ष द्यावें. देवणीचे तीन प्रकार जाणते शेतकरी ओळखतात: अंग पांढरें पण तोंडाच्या बाजू काळ्या तो वानेरा, अंगावर काळे ठिपके विखुरलेले तो शेवरा, आणि अवघा पांढरा तो बालंक्या. नवशिक्यानें बालंक्या करावा. रंग बदलण्याची कटकट नाहीं. वानेरा करावयाचा तर डोकें दोन रंगांत विणण्यापेक्षां काळे तुकडे वेगळे विणून बाजूंस शिवणें सोपें. कपाळ फुगीर व कान लांब लोंबते ठेवले नाहींत तर देवणी ओळखूं येणार नाहीं. लाल कंधारीला गर्द तांबडी लोकर एकच पुरते.

भरलेले मऊ प्राणी ही कल्पना फार जुनी नाहीं. जर्मनींत मार्गारेट श्टाइफ या शिवणकाम करणाऱ्या बाईंनीं १८८० सालीं टांचण्या टोंचण्यासाठीं नमद्याचे लहान हत्ती केले. मुलांनीं ते खेळण्यास पळविले, आणि त्यांतून मोठा कारखाना उभा राहिला. विणलेल्या प्राण्यांचा छंद अलीकडे जगभर पसरला तो जपानमधून. परंतु कापडी अस्वलांत आणि क्रोशाच्या बैलांत एक भेद आहे, आणि तो गिऱ्हाइकाच्या सहसा ध्यानांत येत नाहीं. कापड यंत्रावर शिवतां येतें. दोन सुयांचें विणकामही यंत्रावर होतें; विल्यम ली या इंग्रजानें तसें यंत्र १५८९ सालींच केलें. खऱ्या क्रोशाचें, गोल फिरत पोकळ आकार देणारें काम मात्र कारखान्यांत यंत्रावर निघत नाहीं. दुकानांत टांगलेला क्रोशाचा प्रत्येक प्राणी, मग तो कोणत्याही देशांतून आलेला असो, कोणाच्या तरी हातांनीं टांका टांका मोजून झालेला असतो.

हें कळल्यावर किंमतीच्या चिठ्ठीकडे वेगळ्या दृष्टीनें पाहावें लागतें. मिनिटाला दहा टांके धरले तर आपल्या बैलाचें नुसतें विणणें पांच तासांचें. त्यावर भरणें, शिवणें, शिंगें, कान, डोळे. दोन दिवसांची फुरसत सहज जाते. लोकरीचे पैसे वजा जातां उरलेल्या रकमेला या तासांनीं भागून पाहिलें तर उत्तर बहुधा शेतमजुरीपेक्षांही खालीं येतें. कारण विणणारीचा वेळ फुकटचा समजला जातो. ती तर घरींच बसलेली असते, असें म्हणतात. आंध्रांतील नरसापूर येथें एकोणिसाव्या शतकांत मिशनरी बायांनीं क्रोशाची लेस शिकविली. ती पुढें परदेशीं जाऊं लागली. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनीं तेथील कारागिरणींचा अभ्यास करून १९८२ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत हेंच दाखविलें आहे: दिवसाचे कित्येक तास राबणाऱ्या बायांना कामगार न मानतां रिकाम्या वेळांत विरंगुळा करणाऱ्या गृहिणी मानलें गेलें, आणि मजुरी त्या मानानें कमी राहिली. पुण्यांत १९०९ सालीं रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानें निघालेल्या सेवासदनानें स्त्रियांना शिवण आणि हस्तकाम शिकविलें तें वेळ घालविण्यासाठीं नव्हे, त्यांना स्वतःच्या पायांवर उभें राहतां यावें म्हणून. चाकूरसारख्या गांवीं एखाद्या लेकीसुनेनें असे बैल पोळ्याच्या सुमारास विकावयास ठेवले, तर घासाघीस करण्यापूर्वीं गिऱ्हाइकानें टांके मोजावे. एक फेरी मोजली तरी पुरे.

आतां शेवटचें काम. शिंगें वेगळीं विणून घट्ट भरावीं, आणि दुहेरी दोऱ्यानें डोक्याच्या आरपार शिवावीं. मूल बैलाला पहिल्यांदा उचलतें तें शिंगालाच धरून. तीन वर्षांखालचें मूल घरांत असेल तर डोळ्यांना मणी किंवा गुंडी लावूं नये, काळ्या दोऱ्यानें भरतकाम करावें; गुंडी सुटली कीं ती तोंडांत जाते. वर्षाच्या आंतील बाळाच्या अंथरुणांत तर कोणतेंच मऊ खेळणें झोपेच्या वेळीं ठेवूं नये. गळ्यांत घुंगरांऐवजीं लोकरीचे गोंडे बांधावे. कासरा वीतभरच ठेवावा, कारण लांब दोरी बैलापेक्षां मुलाच्याच गळ्याभोंवतीं अधिक जाते. झूल मात्र सुटी विणावी व बंदांनीं बांधावी. पोळ्याला ती चढवितां येते, आणि दुसऱ्या दिवशीं पुरणाचे हात तिला लागलेले असतात तेव्हां तेवढीच काढून धुतां येते.