श्वासाबरोबर हलणारं मेंदूचं पाणी

‘पाठीतलं पाणी काढायचंय’ म्हटलं की नातेवाईक हादरतात, हे आम्ही वॉर्डात नेहमी पाहिलं. हे पाणी मेंदू आणि मज्जारज्जूभोवती असतं. मोठ्या माणसात साधारण १५० मिली. दिवसाला ५०० मिलीच्या आसपास नवं तयार होतं, जुनं रक्तात शोषलं जातं. त्यामुळे तपासणीला काढलेलं थोडं पाणी लवकर भरून येतं.

खोल श्वास घेतला की छातीतला दाब कमी होतो, डोक्यातलं अशुद्ध रक्त छातीकडे ओढलं जातं आणि त्या जागी पाठीकडचं पाणी वर सरकतं. श्वास सोडला की परत खाली. २०२२ साली अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या संशोधकांनी १८ निरोगी माणसांवर एमआरआयमध्ये हे मोजलं. पोटानं घेतलेल्या खोल श्वासात हालचाल सर्वांत जास्त वाढली. (आनापानात श्वास नुसता पाहायचा असतो, इथे तो मुद्दाम खोल घेतला होता.)

पण त्यानं आजार बरा होतो का, हे तिथे तपासलंच नव्हतं. ‘प्राणायामानं मेंदू धुतला जातो’ असं ऐकून फिटच्या गोळ्या बंद करणारे आम्हाला भेटतात. गोळ्या मनानं बंद करू नका. डोकं सतत दुखतंय, उलट्या होतायत, नजर धूसर झालीय, तर थेट दवाखाना गाठा. तान्ह्या बाळाचं डोकं भराभर मोठं होत असेल, तरीही.