बालकाची वाढ : स्वभाव, आहार आणि हातचा जाणारा काळ

‘मुलाची उंची वाढत नाही, काहीतरी औषध द्या’ ही मागणी आपल्या चिकित्सालयात आणि औषधालयात नित्याची आहे. एखादे बल्य चूर्ण वा अवलेह देऊन पालकांचे समाधान करणे फारसे कठीण नसते. परंतु ते मूल ठेंगणे का आहे, या प्रश्नाचे उत्तर त्या समाधानात नसते. गेल्या तीन दशकांत जनुकशास्त्राने बालकांच्या वाढीविषयी बरेच ज्ञान मिळविले आहे. वैद्याला आपल्या व्यवहारात त्याचा उपयोग काय, याचा विचार आम्ही येथे मांडत आहोत.

चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या सहाव्या अध्यायात शरीराच्या वृद्धीला कारण होणारे चार भाव सांगितले आहेत : कालयोग, स्वभावसंसिद्धी, आहारसौष्ठव आणि अविघात. जनुकांचा अभ्यास हा यांपैकी मुख्यतः स्वभावाचा अभ्यास होय. बीज, बीजभाग आणि बीजभागावयव यांच्या दुष्टीचा विचारही त्याच स्थानात आहे. एवढ्यावरून प्राचीनांना जनुके ठाऊक होती असे म्हणण्याचा मोह आम्ही टाळतो. विचाराची दिशा जुळते. प्रत्यक्ष पुरावा मात्र अलीकडचा आहे.

अनेक लहान भेद

सर्वसाधारण माणसाची उंची एखाद्या जनुकावर ठरत नाही. सन २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात सुमारे ५४ लाख व्यक्तींची माहिती तपासली गेली आणि उंचीशी निगडित १२,१११ स्वतंत्र जनुकीय भेद आढळले. त्यांतील बहुतेकांचा परिणाम अत्यल्प आहे. हे सर्व भेद एकत्र घेतले तरी युरोपीय वंशाच्या लोकांत उंचीतील तफावतीचा सुमारे ४० टक्के भागच त्यांनी स्पष्ट होतो. इतर वंशांच्या लोकांत हे प्रमाण १० ते २० टक्के इतकेच राहते, कारण तपासलेल्यांपैकी बहुसंख्य लोक युरोपीय वंशाचे होते. म्हणून लाळेच्या नमुन्यावरून आपल्याकडील बालकाची भावी उंची सांगू पाहणाऱ्या चाचणीवर विसंबणे योग्य नव्हे.

स्वभाव आणि आहार यांचा सांधा दाखविणारे एक संशोधन सन २०२१ मध्ये ब्रिटनमधून प्रसिद्ध झाले. मेंदूतील एमसी३आर नावाचा ग्राही शरीराच्या पोषणस्थितीची वार्ता घेतो आणि त्यानुसार वाढीचा व यौवनारंभाचा वेग ठरण्यास हातभार लावतो. ज्यांच्यात हा ग्राही दुर्बल असतो, त्यांना यौवन उशिरा येते आणि त्यांची उंची कमी राहते. मूल पुरेसे खात असले, तरी त्याची वार्ता शरीरात पोहोचावी लागते, हे यातून कळते.

एकच भेद, मोठा परिणाम

काही कुटुंबांत मात्र एकच जनुकीय दोष उंची खुंटवितो. त्याचे एक उदाहरण आपल्या उपखंडातलेच आहे. मेंदूतील हायपोथॅलॅमसकडून येणारी आज्ञा पीयूषिका ग्रंथीने स्वीकारली, तरच ती वृद्धी संप्रेरक स्रवते. ही आज्ञा स्वीकारणाऱ्या ग्राहीच्या जनुकातील एक दोष सन १९९६ मध्ये एका भारतीय मुस्लिम कुटुंबात सापडला. सन १९९८ मध्ये हिरालाल माहेश्वरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातील सिंध प्रांतात तोच दोष असलेल्या व्यक्तींचे वर्णन केले. तेथील बाधित प्रौढ पुरुषांची उंची १३० सेंटीमीटरच्या आसपास होती. शरीर प्रमाणबद्ध आणि बुद्धी प्राकृत होती. पुढे सन २००५ मध्ये मुंबईच्या डॉ. मीना देसाई व सहकाऱ्यांनी पश्चिम भारतातील बालकांतही या जनुकाचा दोष नोंदविला. तेव्हा असे मूल आपल्या दारीही येऊ शकते.

या मुलांत ग्रंथीला आज्ञा मिळत नाही, पण वृद्धी संप्रेरक बाहेरून दिले तर त्यांचे शरीर त्यास प्रतिसाद देते. याच्या उलट स्थिती सन १९६६ मध्ये इस्राएलमधील झ्वी लारोन यांनी वर्णिलेल्या विकारात असते. तेथे संप्रेरक विपुल असते, पण त्याचा ग्राहीच सदोष असतो. म्हणून संप्रेरक टोचून लाभ होत नाही आणि आयजीएफ-१ हा पुढच्या पायरीवरील घटक द्यावा लागतो. लिंग सारखे, हेतू भिन्न, म्हणून औषधही भिन्न. हेतू, लिंग व औषध या त्रिसूत्राशी परिचित असलेल्या वैद्यांना हे अधिक समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

हे दोन्ही दोष सहसा माता व पिता या दोघांकडून आल्यावरच प्रकट होतात. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भास चारांत एक एवढा संभव असतो. आपल्याकडे अनेक समाजांत मामाच्या मुलीशी विवाहाची रूढी आहे. ज्या घरात असे मूल जन्मले आहे, त्या घराला जनुकीय सल्ला घेण्यास सुचविणे हे वैद्याचे काम आहे. दोष देणे नव्हे. अकाँड्रोप्लेझिया या विकारात तर सुमारे ८० टक्के मुलांचे आईबाप प्राकृत उंचीचे असतात. तेथे बीजातील बदल नव्यानेच झालेला असतो. गरोदरपणी आईने काय खाल्ले, असे विचारून तिला अपराधी ठरविण्यास शास्त्राचा आधार नाही.

आहाराचे स्थान

तथापि जनुकांच्या चर्चेत आहाराचा विसर पडू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीनुसार पाच वर्षांखालील ३५.५ टक्के भारतीय बालके वयाच्या मानाने खुजी होती. महाराष्ट्रात हे प्रमाण ३५.२ टक्के होते. यांतील बहुतेकांच्या बाबतीत अपुरा आहार, वारंवार होणारे अतिसार व ज्वर आणि मातेचे कुपोषण ही कारणे प्रमुख ठरतात. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी सन १९९३ पासून जवळच्या खेड्यांत केलेल्या अभ्यासात नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो आढळले. आहारसौष्ठव आणि अविघात हे दोन भाव गर्भावस्थेपासूनच सांभाळावे लागतात, हाच त्याचा बोध आहे. येथे आपल्या शास्त्राला खरे कार्यक्षेत्र आहे.

आधी प्रमाण, मग औषध

मग वैद्याने करावे काय? चरकांनी दशविध परीक्षेत प्रमाणपरीक्षा सांगितली आहे, आणि शरीराची लांबी व पसरलेल्या बाहूंचा विस्तार सम असावा असेही म्हटले आहे. ठेंगणेपण प्रमाणबद्ध आहे की हातपायच आखूड आहेत, हा पहिला भेद या साध्या मापाने कळतो. त्यासाठी भिंतीवरची पट्टी व मोजफीत पुरे.

प्रत्येक बालकाची उंची दर सहा महिन्यांनी मोजून वृद्धि-आलेखावर नोंदवावी. पाच वर्षांपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे आणि पुढे भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे आलेख वापरता येतात. अपेक्षित उंचीसाठी आईवडिलांच्या उंचीची बेरीज करावी. मुलासाठी तीत १३ सेंटीमीटर मिळवावे, मुलीसाठी वजा करावे आणि येणाऱ्या संख्येस दोनाने भागावे. वडील १६८ व आई १५४ सेंटीमीटर असल्यास मुलाची अपेक्षित उंची १६७.५, तर मुलीची १५४.५ येते. सुमारे ८ सेंटीमीटरचा फरक दोन्ही बाजूंस धरावा. उत्तर या मर्यादेत असेल आणि वाढीचा वेग चांगला असेल, तर पालकांना धीर द्यावा. औषधाची घाई करू नये.

चार वर्षांनंतर यौवनारंभापर्यंत वर्षाला ४ सेंटीमीटरहून कमी वाढ, आलेखावर तिसऱ्या शतमानाखाली असलेली उंची, बाहू व उंची यांतील विषमता, किंवा ठेंगण्या मुलीत यौवनलक्षणांचा अभाव, यांपैकी काहीही आढळल्यास बालसंप्रेरकतज्ज्ञांकडे पाठवावे. सुमारे २,५०० मुलींत एकीला टर्नर विकार असतो आणि गुणसूत्रांची तपासणी केल्यावाचून तो निश्चित होत नाही. अवटू ग्रंथीची मंदता आणि गव्हातील ग्लुटेन न सोसणे ही कारणे तर वेळीच ओळखल्यास उपचारसाध्य आहेत.

औषधालयांसाठी

औषधालय चालविणाऱ्या सभासदांना एक स्मरण द्यावेसे वाटते. औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ याच्या अनुसूचीत माणसाची उंची हा विषय समाविष्ट आहे. उंची वाढविण्याचा दावा करणारी जाहिरात आयुर्वेदीय औषधाची असली, तरी ती या कायद्याच्या कक्षेत येते. कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहार हाच राहावा. विकलेल्या डब्याने मुलाला अपाय झाला नाही, तरी त्या भरवशावर पालकांनी दोन वर्षे थांबावे, हाच मोठा अपाय होय.

कारण लांब हाडांच्या टोकांशी असलेली वाढीची कूर्चा यौवनाअखेर हाडात बदलते आणि त्यानंतर कोणत्याही पद्धतीचे औषध उंची वाढवू शकत नाही. स्वभाव आपल्या हाती नाही, आहार व अविघात पुष्कळसे आहेत, आणि काळ तर थोडाच आहे. उंचीची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येक मुलाचे माप पहिल्याच भेटीत घेऊन ते दिनांकासह कागदावर लिहावे, एवढा नियम आपल्या सभासदांनी पाळला, तरी काही मुलांचा काळ हातचा जाण्यापासून वाचेल.